नानांच्या अंगणातली हजेरी

परवा गाडीची पीयूसी संपत आली म्हणून सूसच्या पंपावर गेले. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी सारली, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि म्हणाला, "ओके आहे मॅडम." मी त्याला डॅशबोर्डवर पेटलेला इंजिनाचा दिवा दाखवला. "त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? धूर चांगलाय," तो म्हणाला आणि कागद छापायला वळला. त्याचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. तरी मी "उद्या येते" म्हणून गाडी वळवली आणि थेट गॅरेज गाठलं. दिवसभराच्या कामांच्या यादीत गॅरेज नव्हतं. माझ्या यादीत नसलेलं काम मी सहसा करत नाही. हे काम नानांनी करवून घेतलं होतं, आणि नाना तिथे नव्हतेच.

नाना म्हणजे माणमधले माझे घरमालक. कंपनीने माझी बदली हिंजवडीला केली तेव्हा ऑफिसपासून जवळ म्हणून मी माणमध्ये खोल्या पाहायला गेले. तिमजली इमारत, पुढे मोठं फरसबंद अंगण, अंगणात भाडेकरूंच्या गाड्या. नाना ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. उंच, काटक, डोक्यावर टोपी, अंगात खिशाची बंडी, आणि बंडीच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. पाणी किती वाजता येतं, कचरा कुठे टाकायचा, जिन्यात चपला ठेवायच्या की नाही, हे माझे सगळे प्रश्न त्यांनी ऐकून घेतले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गाडी हाय?"

"आहे."

"मग रविवारी सकाळी चावी घेऊन खाली यायचं. बाकी समदं माई सांगंल."

माई म्हणजे त्यांची बायको. तिने बाकी समदं सांगितलं, पण रविवारी चावी कशाला, हे सांगितलं नाही. "कळंल," एवढंच म्हणाली.

रविवारी कळलं. सगळे भाडेकरू आपापल्या गाडीत बसले होते. कुणी पायजम्यात, कुणी दात घासता घासता. नाना एका टोकापासून सुरुवात करत. खिडकीशी वाकत आणि म्हणत, "चावी फिरव." चावी फिरली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि गाडी सुरू झाली की विझतात. नाना ते निरखून पाहत. "समदे उगवले पायजेत, आन् समदे मावळले पायजेत," हा त्यांचा नियम. एखादा मावळला नाही तर गाडीत काहीतरी बिघाड. एखादा उगवलाच नाही तर गाडीवाल्यात बिघाड, कारण त्याने दिव्याची वायर काढून ठेवलेली असायची. वायर काढणारा बहाद्दर आमच्या इमारतीत खरंच एक निघाला. नानांनी त्याला आठवडाभर गाडी रस्त्यावर लावायला लावली.

नानांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि गाडीचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं. त्यामुळे दिव्यांना त्यांनी दिसतील तशी नावं ठेवली होती. इंजिनाचा दिवा म्हणजे नळ. तेलाचा म्हणजे किटली. टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा घोड्याच्या नालेसारखा दिसतो, म्हणून तो नाल. एअरबॅगच्या चित्रातला माणूस पुढे मोठा गोळा घेऊन बसलेला असतो, त्या दिव्याला ते पोटुशी म्हणत. डिझेल गाड्यांच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी तुंबली की जो दिवा लागतो, ती गाळणी. काही महिन्यांत आम्ही सगळे हीच भाषा बोलायला लागलो. मी एकदा सर्व्हिस सेंटरला फोन करून, माझ्या गाडीत गाळणी लागलीय, असं सांगितलं आणि पलीकडच्या मुलाने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला.

नानांना गाड्यांतलं फार कळत होतं असं मुळीच नाही. त्यांच्याकडे उपाय दोनच: गाडी पळवणे आणि गाडी धुणे. यापलीकडचं काही असलं की पौडहून रफिकला बोलवायचं. रफिकचं पौडच्या बाजारात छोटं गॅरेज होतं आणि त्याच्याकडे गाडीला जोडून बिघाड सांगणारं स्कॅनर यंत्र होतं. नाना त्या यंत्राकडे संशयाने बघत. कारण त्यात एक बटण असं होतं की ते दाबलं की दिवा विझायचा, बिघाड असो वा नसो. पीयूसी जवळ आली की बरेच लोक रफिककडून तेवढंच करून घेत. नाना म्हणत, "पुसलं म्हंजे गेलं न्हवं." पुसून आलेल्या गाडीचा दिवा दोन-तीन रविवारांत पुन्हा उगवायचाच. नाना तो उगवायची वाट पाहत, आणि उगवला की त्यांचा चेहरा उजळायचा.

त्यांच्यापासून दिवा लपवण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. कुणी काळी टेप चिकटवली, एकीने टिकली लावली. तळमजल्यावर श्रीनिवास नावाचा तेलुगू मुलगा राहायचा. त्याने डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती अशी बसवली होती की मागचे निम्मे दिवे झाकले जावेत. त्या रविवारी नाना खिडकीशी आले.

"देव सरकव."

"नाना, वो चिपकाया है."

"कशापायी?"

"सेफ्टी के लिए."

नानांनी पायातल्या वहाणा काढल्या. गणपतीला हात जोडले. मग खिडकीतून अर्धे आत शिरले, मान वाकडी केली आणि मूर्तीच्या मागे डोकावले. बाहेर आले, वहाणा घातल्या.

"देव बरा हाय," ते म्हणाले. "त्याच्या मागं नळ लागलाय. देवाला पाठीशी घालाया लावतोस व्हय रं?"

श्रीनिवासला शब्द कळले नाहीत, पण अर्थ नीट पोहोचला. दुसऱ्या दिवशी गाडी रफिककडे गेली आणि गणपती काचेच्या कोपऱ्यात सरकला.

हा छळ नव्हता असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला विमानतळावर न्यायला एक टॅक्सी आली होती. नानांनी टॅक्सीवाल्याच्या डॅशबोर्डवर किटली पाहिली आणि फाटक लावून घेतलं. किटली लागलेली गाडी आपल्या फाटकातून बाहेर पडणार नाही, म्हणाले. टॅक्सीवाला हिंदीतून, नाना मराठीतून, असं बराच वेळ चाललं. शेवटी नानांनी घरातून तेलाचा डबा आणून त्याच्या इंजिनात ओतला तेव्हा फाटक उघडलं. जोडप्याचं विमान चुकता चुकता राहिलं. तेव्हापासून इमारतीतले लोक विमान असेल तर टॅक्सी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी बोलावत.

मला हजेरीचं कोडं सुटलं ते माझ्या गाडीत गाळणी लागली तेव्हा. माणहून ऑफिसपर्यंतचा रस्ता म्हणजे पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. अशा चालीत ती जाळी तुंबते. गाडी एका वेगाने बराच वेळ पळाली की आत साचलेली काजळी जळते आणि दिवा जातो. म्हणजे नानांच्या दोन उपायांपैकी पहिला. रविवारची हजेरी संपल्यावर नाना स्वतःच माझ्या गाडीत शेजारी येऊन बसले.

"चला म्याडम. हिला मोकळी पळवून आणू."

घोटावड्यावरून पौड, पौडवरून मुळशी धरणाच्या रस्त्याला. नाना शेंगा खात होते आणि टरफलं बंडीच्या दुसऱ्या खिशात टाकत होते. गाडी चालवणाऱ्याला ते काही सूचना देत नसत, फक्त डॅशबोर्डकडे बघत. धरणाच्या अलीकडे गाळणी मावळली. मी गाडी वळवली. परत घोटावड्याशी आल्यावर नाना म्हणाले, "आता आलोच हाय तर जरा आत घ्या."

आत म्हणजे रिहे गावाच्या बाजूला, त्यांच्या शेतावर. माणमधली जमीन आयटी पार्कात गेल्यावर उरलेलं ते शेवटचं भाताचं शेत होतं. आंबेमोहोर लावला होता. नंतर मला कळलं की गाळणीच्या प्रत्येक फेरीचा शेवट या बांधावरच होतो आणि इमारतीतल्या प्रत्येक डिझेलवाल्याने हे शेत पाहिलेलं आहे.

बांधावर बसून नाना म्हणाले, "तुमी गाड्या लावताय ना, तितं माझा गोठा हुता. रोज सकाळी उठलो की एकेका जनावरापुढं उभा राहायचो. डोळं बघायचं, नाक बघायचं, श्याण बघायचं. बैल काय बोलत न्हाई. तुमालाच वळखावं लागतं. ह्या गाड्या तरी दिवा लावून सांगत्यात की मला दुकतंय. आन् तुमी त्याच्यावर टिकली लावताय."

मग जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "जीप हाय तवर मी हितं येतुया. जीप ग्येली की संदीपच्या सवडीनं यायचं. म्हंजे न्हाईच."

जीप ही नानांची स्वतःची वस्तू. जमिनीच्या पैशातून इमारत झाली, मुलाच्या गाड्या झाल्या, पण नानांनी स्वतःसाठी घेतली ती ही एकच डिझेल जीप. रोज सकाळी चहा झाला की ते एकटे जीप घेऊन शेतावर जात आणि जेवायला परत येत. संदीप हा त्यांचा मुलगा. भाड्याचं, बँकेचं, ग्रामपंचायतीचं, सगळं कागदोपत्री काम तोच बघायचा. शांत माणूस, पण एकदा बोलला की बोलला. वडिलांचं वय झालं होतं, एका डोळ्याला कमी दिसत होतं आणि आदल्या पावसाळ्यात घोटावड्याच्या खिंडीत जीप कठड्याला घासली होती. जीपची पंधरा वर्षं संपत आली तेव्हा त्याने विषय काढला. पुढे चालवायची तर आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवायला हवी होती. संदीप म्हणाला, कशाला वाढवायची, विकून टाकू, मी ड्रायव्हर ठेवतो.

"ड्रायव्हर काय मला शेताव न्हेणार? त्यो झाडाखाली मोबाइल बघत बसंल," नाना म्हणाले.

भांडण बरेच दिवस चाललं. माई म्हणाली, "दोगंबी खरं बोलत्यात. म्हणून तर मिटंना." शेवटी ओट्यावर, आमच्यासमोर ठरलं. जीप आरटीओत एका दमात पास झाली तर नानांकडे राहील. नापास झाली तर चावी संदीपची, आणि नानांनी पुन्हा शब्द काढायचा नाही. नानांनी हसत हसत कबूल केलं. ज्या माणसाने अख्ख्या अंगणाचे दिवे विझवले त्याच्या जीपला कसली भीती? कागदांची फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. तपासणीची तारीख दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मिळाली.

आता दसरा म्हटल्यावर गाड्या धुवायच्या. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-औजारं धुऊन पुसून ठेवतात आणि दसऱ्याला त्यांची पूजा करतात. नानांकडे पूर्वी नांगर धुतला जायचा, आता गाड्या. त्या वर्षी नाना फार खुशीत होते. त्यांनी ठरवलं की सणाची भेट म्हणून सगळ्या भाडेकरूंच्या गाड्या आपण धुवायच्या, आणि नुसत्या वरून नाही. बोअरच्या मोटारीला जाड नळी लावली, सगळ्यांना बॉनेट उघडायला लावलं आणि एकेक इंजिन लख्ख धुऊन काढलं. पाण्याचा जोर एवढा की वर्षानुवर्षांचा चिखल, माती, एका गाडीतलं चिमणीचं घरटं, सगळं वाहून गेलं. शेवटी स्वतःची जीप. तिला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. अंगण लग्नघर वाटत होतं. मी फोटोही काढले.

दुपारी श्रीनिवासने मावशीकडे जायला गाडी सुरू केली. गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरली आणि डॅशबोर्डवर नळ उगवला. पाठोपाठ वरच्या जोडप्याची गाडी. तिच्यात नळ. मग माझी. मग टिकलीवाल्या बाईंची. एकेक माणूस खाली येत होता, चावी फिरवत होता आणि नानांकडे बघत होता. इंजिनाभोवती विजेची बारीक बारीक जोडणी असते. नानांनी जोरात मारलेलं पाणी त्या प्रत्येक जोडणीत जाऊन बसलं होतं. नाना हातात आपट्याची पानं घेऊन मध्ये उभे होते. अखेर श्रीनिवास म्हणाला, "नाना, आज हाजिरी में सब प्रेझेंट हैं."

माई घरात जाऊन हसली. आवाज बाहेर येत होता.

मला अशा वेळी बरं वाटतं, कारण काम दिसतं. कुणाला आधी निघायचंय याचा क्रम लावला, प्रत्येक घरातून केस वाळवायचा ड्रायर मागवला, खिडक्यांतून एक्स्टेंशनच्या वायरी खाली सोडल्या. संध्याकाळपर्यंत अंगणात झेंडूच्या पाकळ्यांत बसून माणसं इंजिनांना गरम वारा घालत होती. दिवेलागणीच्या आत बहुतेक गाड्या शहाण्या झाल्या.

जीप झाली नाही. नानांनी ती सुरू केली तर मागून काळा लोट निघाला आणि ओट्यावरच्या माईच्या पातळावर बसला. पुढे नळ ठळक पेटलेला. रफिक सणाचं जेवण सोडून पौडहून आला. त्याने हवा गाळायचा फिल्टर उपसून काढला. कागदाचा फिल्टर चहात बुडवलेल्या पावासारखा हातात आला.

"नाना, ह्यातनं हवाच जाईना. धूर काळा यायचाच," रफिक म्हणाला. "नवा पायजे. पन आज दुकान कोन उघडं ठेवणार?"

संदीप जिन्यात उभा राहून हे ऐकत होता. मोटरसायकल काढून तो गेला. नाना ओट्यावर बसले. शेंगा खिशातच होत्या, त्यांनी हात घातला नाही. अंधार पडता पडता संदीप परत आला आणि एक खोकं बापाच्या मांडीवर टाकलं.

"घ्या. नापास व्हायचीच तर नीट नापास होऊ द्या. मागनं म्हनाल, फिल्टर न्हवता."

नानांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. "कुटनं आणलास?"

"मिळाला."

नवा फिल्टर बसला, जोडण्या सुकवल्या, रफिकने यंत्र लावून दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जीप मोकळी पळवायला घेऊन गेले. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी निघून जायला हवी होती. धरणापर्यंत जाऊन आले आणि येताना पंपावर पीयूसी करून आले. धूर मर्यादेच्या आत, कागद हातात. फाटकातून आत येताना मात्र त्यांनी नेहमीसारखा हॉर्न दिला नाही. मी खिडकीतून पाहिलं. नाना जीप बंद न करता तसेच बसून होते. खाली गेले तर डॅशबोर्डवर नळ.

"घोटावड्याच्या अलीकडं लागला," ते म्हणाले. "एकलाच. धूर न्हाई, थरथर न्हाई."

रफिकने पुन्हा सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. कुठल्या तरी जोडणीत आत खोल ओल असणार, म्हणाला, एकेक करून बघायला वेळ लागेल. आणि तारीख उद्याची होती.

आरटीओला आम्ही चौघं गेलो. नाना जीप चालवत, मी फाइल घेऊन शेजारी, मागे रफिक. संदीप त्याच्या मोटरसायकलवर. फाटकाबाहेर रांगेत उभं असताना रफिकने पिशवीतून यंत्र काढलं.

"नाना, आता पुसतो. आतलं काम होईस्तोवर काय उगवत न्हाई. मग निवांत दुरुस्त करू. हे काय खोटं न्हाई, नुसतं पुढं ढकलायचं."

नानांनी टोपी काढली, मांडीवर झटकली, पुन्हा घातली. रांग पुढे सरकली तशी जीप पुढे घेतली. मला वाटलं, ते हो म्हणतील. माझी तर इच्छाच होती की त्यांनी हो म्हणावं. तारीख पुन्हा मिळवायची कटकट मला माहीत होती, आणि जीप गेली तर काय जाणार हेही माहीत होतं.

"नगं," नाना म्हणाले.

"नाना, साहेब त्या दिव्याकडं बघत बी न्हाईत."

"त्यास्नी न्हाई दिसायचा. मला दिसंल ना."

तपासणीचे साहेब तरुण होते, घाईत होते. ब्रेक, हेडलाइट, हॉर्न, टायर, चासी नंबर, पीयूसीचा कागद. सगळं ठीक. त्यांनी शेवटची सही करायला पेन टेकवलं तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, इंजनाचा दिवा लागलाय."

साहेबांनी मान वर केली. "आजोबा, मी विचारलं का?"

"तुमी न्हाई इचारलं. पन लागलाय."

मागच्या गाडीतला माणूस मोठ्याने हसला. रफिकने कपाळाला हात लावला. साहेबांनी वाकून दिवा पाहिला आणि खरोखर वैतागले. "आता सांगितलंत ना, आता मला लिहावं लागेल. दुरुस्त करून परत आणा. नवीन तारीख घ्या."

नानांनी जीप बाजूला घेतली, बंद केली आणि खाली उतरले. संदीप त्याच्या मोटरसायकलला टेकून उभा होता. नाना त्याच्यापर्यंत चालत गेले आणि चावी त्याच्या हातात ठेवली.

"ठरलं हुतं तसं."

संदीप मोटरसायकल रफिककडे देऊन जीपच्या चालकाच्या सीटवर बसला. मी मागे बसले. नाना शेजारच्या सीटवर. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. पट्टा कुठून ओढायचा हेही त्यांना सापडेना. संदीपने हात पलीकडे नेऊन तो लावून दिला.

पुढच्या रविवारी हजेरी झाली नाही. सांगितलं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही नेहमीच्या वेळी चाव्या घेऊन खाली आलो आणि आपापल्या गाडीत बसून राहिलो. माई दारात आली आणि म्हणाली, "आज न्हाई." तरी कुणी लगेच वर गेलं नाही. श्रीनिवासने स्वतःच चावी फिरवली, दिवे उगवले, मावळले. त्याने बाहेर येऊन इकडे तिकडे पाहिलं आणि गाडी कुलूपबंद केली.

जीपही अंगणात नव्हती. विकली असेल, असं आम्ही धरून चाललो. नाना सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसत, आणि जेवायची वेळ होईपर्यंत तिथेच बसत. शेताबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "हाय तितं हाय."

मग एका कामाच्या दिवशी, मी तापामुळे घरी होते, दुपारी जीपचा आवाज आला. संदीप उतरला, ओट्यावर गेला आणि दाराशेजारच्या खिळ्याला चावी अडकवली. नानांचं लक्ष चावीकडे गेलं, मग त्याच्याकडे.

"ह्ये काय?"

"पास झाली."

"कुटं ग्येला हुतास हिला घेऊन?"

"रफिककडं. एका जोडणीत ओलीनं हिरवा गंज चढला हुता, त्यानं बदलली. मग नवी तारीख घेतली. आज जाऊन आलो."

"एका दमात ठरलं हुतं."

"साहेब नापास कुटं म्हटला? परत या म्हटला. परत गेलो."

नाना म्हणाले, "आन् दिवा?"

"चावी फिरवून बघा की."

ते उठले नाहीत. संदीप पुढे म्हणाला, "खिंडीत हॉर्न वाजवायचा. अंधार पडायच्या आत घरी. डोळ्याच्या डाक्टरकडं ह्या म्हयन्यात जायचं."

"तू सांगनार मला?"

"व्हय."

माईने दोघांना चहा आणून दिला. दोघांनी तो एकमेकांकडे न बघता प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप नेहमीच्या वेळेला फाटकातून बाहेर पडली. जाताना हॉर्न वाजला, आणि तो जरा जास्तच वेळ वाजला.

नंतर मी सूसमध्ये फ्लॅट घेतला. माण तसं लांब नाही, पण जाणं होत नाही. नाना मला शेवटचे दिसले ते गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत. ऑफिसच्या कामासाठी मी घोटावड्याच्या रस्त्याने जात होते. पुढे गाड्यांची लांब ओळ लागली होती, सगळ्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. ओळीच्या तोंडाशी ती जीप होती. मागे भात भरायची रिकामी पोती एवढी लादलेली की काच दिसत नव्हती. चालकाच्या खिडकीतून एक काटक हात बाहेर आला होता आणि समोरचा रस्ता मोकळा असला की मागच्या एकेकाला पुढे जायची खूण करत होता.

माझी पाळी आली. मी जीपच्या बरोबरीने गाडी नेली, काच खाली केली, हॉर्न वाजवला. नाना टोपी घालून, चष्मा लावून, ताठ बसून समोर बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हाताने फक्त, जा, जा, केलं. समोरून ट्रक येत होता म्हणून मला पुढे जावंच लागलं.

आरशात पाहिलं तेव्हा ट्रक निघून गेला होता. नानांनी तोच हात सरळ आडवा बाहेर धरला, मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या, आणि इंडिकेटर न देता जीप सावकाश उजवीकडे शेताच्या वाटेला वळली.